गाडी घसरली तरी भान घसरू नये

धामणकर नाका हा भिवंडीतला रात्रंदिवस जागा असलेला चौक. सुताच्या गोणी, कापडाचे तागे, काल्हेर-पूर्णाच्या गोडाऊनमधला माल, सगळे टेम्पो आणि पिकअपवर लादून याच बाजूने ये-जा करते. त्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर जे हात असतात त्यांत आपल्या समाजाचे हात पुष्कळ आहेत. बापाने यंत्रमागावर रात्रपाळ्या केल्या, मुलाने लायसन्स काढले आणि टेम्पो धरला, अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत सापडतील. म्हणून आजचा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर मुद्दाम घेत आहोत. गाडी चालवणारा एक असतो, पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे सारे घर असते.

जून महिन्यातली गोष्ट. रात्री पहिला पाऊस पडून गेला होता आणि सकाळी बारीक भुरभुर चालू होती. आमच्या ओळखीचा एक तरुण काल्हेरला माल उतरवून, रिकामी पिकअप घेऊन, अंजूर फाट्यावरून धामणकर नाक्याकडे येत होता. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असेल. पुढे एक रिक्षा अचानक थांबली. त्याने ब्रेकवर पाय रोवला आणि स्टिअरिंग ओढले. गाडी थांबण्याऐवजी तिची मागची बाजू गर्रकन फिरली. पिकअप आडवी होऊन दुभाजकावर आदळली. सुदैवाने कोणाच्या जिवाला काही झाले नाही. परंतु नुकसान त्याच्या पगारातून कापले गेले आणि घरातले दोन महिने ओढाताणीत गेले.

आम्ही त्याला भेटलो तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "काका, ब्रेक तर मी पूर्ण दाबला होता हो!"

त्याचे म्हणणे खरे होते. आणि गाडी फिरण्याचे कारणही तेच होते. ही गोष्ट त्याला कोणी कधी समजावून सांगितली नव्हती. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवला की गाडी येते असे आपण धरून चालतो. पण गाडी घसरली तर हात-पाय कुठे ठेवायचे, हे शिकवणारा क्वचितच भेटतो.

चाक का घसरते?

एवढी मोठी गाडी, पण तिचे एक चाक रस्त्याला टेकते ते साधारण आपल्या तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांच्या पकडीवर गाडी पळते, वळते आणि थांबते. ही पकड म्हणजे कामगाराचा महिन्याचा पगार समजा. सगळा पगार वाणसामानात गेला तर घरभाड्याला काय उरणार? तसेच टायरची सगळी पकड ब्रेकने खाल्ली तर वळण्यासाठी काही शिल्लक राहत नाही. ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचे थांबते आणि नुसते फरफटत जाते. फिरणारे चाक वळवले तर वळते. फरफटणारे चाक कसेही वळवा, ते आपले सरळच जाते. मागची चाके अशी अडकली तर गाडीची शेपूट पुढे येऊ पाहते.

ओल्या रस्त्यावर हा पगार निम्म्यावर येतो. त्यातही पहिला पाऊस जास्त वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल, धूळ आणि टायरचा झिजलेला रबर यांत थोडे पाणी मिसळले की साबण सांडलेल्या मोरीसारखी स्थिती होते. चांगला दणदणीत पाऊस पडून हा थर वाहून गेला की रस्ता थोडा सुधारतो. रस्त्याच्या कामासाठी टाकलेले लोखंडी पत्रे, डंपरमधून सांडलेला चिखल आणि झेब्रा पट्ट्यांचा रंग, या तिन्ही जागा पावसात निसरड्या होतात.

थोडा हिशेब मांडू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर ती सुमारे ९ मीटरमध्ये थांबेल. ओल्या रस्त्यावर तिला सुमारे १६ मीटर लागतील. वेग ६० असेल तर त्या एका सेकंदातच १७ मीटर जातात आणि पुढे कोरड्यात सुमारे २०, ओल्यात सुमारे ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. हा नियम शेठला, पोलिसाला आणि नशिबाला, कोणालाच बदलता येत नाही.

रिकाम्या पिकअपची गोष्ट आणखी वेगळी. तिचे इंजिन पुढे, वजन पुढे आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. माल उतरला की मागची चाके हलकी होतात आणि लवकर अडकतात. "गाडी रिकामी आहे, आता दामटा" असे आपण म्हणतो. नेमकी तीच गाडी ओल्या रस्त्यावर मागून लवकर फिरते.

मागची बाजू फिरली तर

समजा, गाडी डावीकडे वळते आहे आणि मागची चाके उजवीकडे सरकू लागली. गाडीचे तोंड हवे त्यापेक्षा जास्त डावीकडे फिरते. अशा वेळी स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचे, म्हणजे ज्या बाजूला शेपूट चालली त्या बाजूला. जुने उस्ताद म्हणतात, "घसरते तिकडे वळव." पण घाबरलेल्या माणसाला शेपूट कुठे आणि तोंड कुठे हे आठवत नाही. त्यापेक्षा सोपा मंत्र असा: जिथे जायचे आहे तो रस्ता पाहा आणि पुढची चाके त्या रस्त्याकडे करा. नजर जिथे जाते, हात तिकडे जातात. खांबाकडे पाहिले तर गाडी खांबाकडे जाते. मोकळ्या रस्त्याकडे पाहिले तर हात मोकळ्या रस्त्याकडे वळतात.

त्याच वेळी पायांचे काम असे. ब्रेकवरचा पाय सोडा. ॲक्सिलरेटर हळू सोडा. गियरची गाडी असेल तर क्लच दाबा, म्हणजे चाके मोकळी फिरू लागतील. चाक मोकळे झाले की पकड परत येते आणि पकड आली की स्टिअरिंग ऐकू लागते.

यानंतरची पायरी बहुतेक जण चुकतात. गाडी सरळ व्हायला लागली, की ती पूर्ण सरळ होण्याच्या थोडे आधीच स्टिअरिंगही मधल्या जागेवर परत आणायला सुरुवात करायची. ते तसेच वळवलेले ठेवले तर पकड परत येताच गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. हा दुसरा हिसका पहिल्यापेक्षा मोठा असतो. पुष्कळ गाड्या पहिल्या घसरणीत वाचतात आणि या दुसऱ्या हिसक्यात उलटतात. म्हणून स्टिअरिंग हवे तेवढेच फिरवायचे आणि वेळेवर परत आणायचे. तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग इथेही उपयोगी पडतो.

पुढची चाके घसरली तर

कधी उलटे होते. तुम्ही स्टिअरिंग वळवता, पण गाडी वळतच नाही, सरळ पुढे जाते. याचा अर्थ पुढच्या चाकांची पकड सुटली. माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतो, आणि चाके जेवढी जास्त आडवी होतील तेवढी जास्त फरफटतात. इथे ॲक्सिलरेटर सोडा. ब्रेकने चाक अडकले असेल तर ब्रेक थोडा सैल करा. स्टिअरिंग थोडेसे मागे, म्हणजे सरळीकडे आणा. पकड आल्याचे हाताला कळते, कारण स्टिअरिंग पुन्हा जड लागते. मग हळूच वळवा.

साचलेल्या पाण्यावर वेगाने गेले तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग एकदम हलके होते. तेव्हा काहीच झटक्याने करू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक मारू नका. वेग उतरला की चाक पुन्हा रस्त्याला टेकते.

ब्रेकचे दोन प्रकार

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. या ब्रेकमुळे चाक पूर्ण अडकत नाही. ते अडकू लागले की यंत्रणा स्वतःच सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडते आणि लावते. पायाखाली पेडल थरथरते, खडखड आवाज येतो. नवखा माणूस घाबरून पाय काढतो, आणि तिथेच चुकतो. एबीएस असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवा. जुन्या गाडीत ही सोय नसेल तर तेच काम आपल्या पायाने करायचे: दाबा, चाक अडकल्याचे जाणवताच सोडा, पुन्हा दाबा. तेव्हा भावांनो, आपल्या गाडीत कोणता ब्रेक आहे हे आजच विचारून घ्या. धामणकर नाक्यावर घसरताना विचारायला वेळ मिळणार नाही.

एक सावधगिरी मात्र पाळा. उंच माल भरलेला टेम्पो झटक्याने वळवू नका. १९९७ साली स्वीडनमध्ये मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास मोटार, अचानक अडथळा चुकवण्याच्या चाचणीत, उलटली होती. तेवढ्या मोठ्या कारखान्याची गाडी उलटते, तर कौलापर्यंत तागे रचलेल्या आपल्या टेम्पोची काय कथा! त्या कंपनीने पुढे त्या गाडीत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. आपल्या टेम्पोत ती नसेल तर आपला कमी वेग हीच आपली यंत्रणा. आणि हे सारे धडे चार चाकांचे आहेत. रिक्षाला पुढे एकच चाक असते, ती झटक्याने वळवली की कलंडते. मोटारसायकलचे गणित तर पूर्ण वेगळे. त्या दोघांना ओल्या रस्त्यावर एकच औषध: आधीपासून हळू चालणे.

उस्तादीचा गर्व नको

स्वीडन, नॉर्वे, फिनलंड हे बर्फाचे देश. तिथे लायसन्स घेताना निसरड्या ट्रॅकवर गाडी चालवण्याचा धडा सक्तीचा आहे. पण नॉर्वेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आश्चर्य दिसले. असा धडा घेतलेल्या तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले होते. का? "आता मला घसरलेली गाडी सावरता येते" या भरवशावर त्यांनी वेग वाढवला. ही गोष्ट आमच्या तरुणांनी नीट लक्षात ठेवावी. वर सांगितलेली युक्ती दाखवायची विद्या नाही. ती शेवटची काठी आहे. रस्त्यावर मुद्दाम गाडी घसरवून सराव करणे हा तर सरळ गुन्हा आहे, स्वतःच्या घराशी आणि दुसऱ्याच्याही.

सराव घरी करा. जेवणाची रिकामी थाळी दोन्ही हातांनी धरा, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे. मुलाला किंवा बायकोला सांगायला लावा, "शेपूट उजवीकडे गेली!" आणि थाळी उजवीकडे फिरवून परत सरळ आणा. पायांनीही तेच करा: ब्रेक सोडला, ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला. घरात हसे होईल, होऊ द्या. पंचवीस वेळा हसत केलेली गोष्ट प्रसंगी न आठवता होते.

टायर, झोप आणि हक्क

आता मुख्य गोष्ट. आमच्या त्या तरुणाच्या गाडीचे मागचे टायर आम्ही पाहिले. तळहातासारखे गुळगुळीत! टायरच्या खाचांत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटरच उरली, म्हणजे टायर संपला. खाच कशासाठी असते? चाकाखालचे पाणी बाहेर काढण्यासाठी. खाच नाही तर पाणी जाणार कुठे? शिवाय दोनच नवे टायर घेतले तर आपल्याकडे ते हमखास पुढे बसवतात. वास्तविक चांगले टायर मागे हवेत, कारण पुढून घसरलेल्या गाडीपेक्षा मागून फिरलेली गाडी सावरणे जास्त अवघड.

गाडीला लिंबू-मिरची टांगणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले. दर शनिवारी नवी लिंबू-मिरची येते, टायर मात्र तीन पावसाळे जुना! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आई-बापांनी ज्या धम्माचा स्वीकार केला, तो कारण आणि परिणाम पाहायला शिकवतो. चाक रस्ता धरते ते रबराने, लिंबाने नव्हे.

"काका, टायर बदला म्हटले तर मालक दुसरा ड्रायव्हर ठेवील," असे तो म्हणाला. ही भीती खोटी नाही. पोट हातावर असलेल्या माणसाला आम्ही उपदेश करून मोकळे होणार नाही. पण कायदा माहीत असावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, दोघेही दोषी ठरतात. मालक त्यातून सुटत नाही. म्हणून टायरचा फोटो मोबाईलवर काढा आणि "टायर झिजले आहेत, बदलून द्यावेत" असा साधा निरोप मालकाला पाठवून ठेवा. तारखेसह पुरावा राहतो. एकट्याने बोलायला जड जात असेल तर एका गोडाऊनवरचे पाच-सहा ड्रायव्हर मिळून बोला. संघटित व्हा, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

झोपेचेही तसेच. सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकाच मंद होतो, हे तपासून पाहिले गेले आहे. रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यावर जी अवस्था होते ती ही, आणि आपल्या कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्के आहे. पाचवे शील पाळणारा, दारूला कधी न शिवलेला आपला मुलगा दोन पाळ्यांच्या खेपा करून पहाटे परततो, तेव्हा नशेतल्या माणसासारखाच तो उशिरा ब्रेक दाबतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामाच्या तासांना मर्यादा हवी हे त्यांनी ओळखले होते, कारण थकलेल्या शरीराची किंमत कामगाराचे घर मोजते.

घरच्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. आया-बहिणींनो, गाडी चालू असण्याच्या वेळी "कुठपर्यंत आलास?" असा फोन करू नका. तो थांबला की तोच करील, असा घरात नियम ठेवा. आणि रविवारी विहारातून वंदना करून आलात की मुलांना घेऊन गाडीचे चारही टायर पाहा. बारा वर्षांच्या मुलीलाही खाच राहिली की गेली हे सांगता येते. सीटबेल्टची आठवण तीच करून देईल.

धम्मपदाच्या कोधवग्गात सारथ्याचा दृष्टान्त येतो. भरकटलेला रथ जो आवरतो तो खरा सारथी, आणि मनात उसळलेल्या रागालाही तसेच आवरावे, असा त्याचा आशय आहे. रथ गेले, पिकअप आली. पण भरकटण्याच्या क्षणी माणूस भेदरून ओढाओढ करतो, की भान ठेवून वाटेकडे पाहतो, हा प्रश्न तसाच आहे. तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्पमादाचे, म्हणजे बेसावध न राहण्याचे महत्त्व सांगितले. आपल्या ड्रायव्हर बांधवांना ते रोजच्या रोज पाळावे लागते, तेही भर पावसात आणि गर्दीत.

त्या तरुणाने नंतर गोडाऊनवरच्या इतर चौघांना बरोबर घेऊन टायरची मागणी केली. मालकाने कुरकुर केली, पण मागचे दोन टायर बदलून दिले. परवा तो भेटला. धामणकर नाक्यावर पुन्हा एकदा पावसात एक रिक्षा अचानक आडवी आली होती म्हणे. "मग?" आम्ही विचारले. तो हसला. "लांबूनच हळू आलो होतो काका. घसरायची वेळच आली नाही."

आम्हाला वाटते, एवढे साधले की या लेखाचे काम झाले.

जय भीम!